उशीवाल्या काकांची बातमी

सायकल दुरुस्तीच्या दुकानाला लागून काकांचं उशा-गाद्यांचं छोटं दुकान होतं. पुढे विक्री, मागे कापूस पिंजायची खोली. काकांच्या भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे. स्वभाव अबोल. गिऱ्हाईक आलं की उशी हाताने दाबून दाखवायचे, तेवढीच काय ती जाहिरात. पण मोठ्या दुकानांत तयार उशा मिळू लागल्या आणि काका माश्या मारत बसू लागले.

त्यांची भाची एका प्रसिद्धी करणाऱ्या कंपनीत कामाला होती. ती म्हणाली, "मामा, तुमची उशी चांगली आहे हे तुम्हाला ठाऊक, मामीला ठाऊक. बाकीच्यांना कोण सांगणार? मी पेपरात बातमी आणते."

"बातमी? मी असं काय केलंय?"

"तेच तर शोधायचंय."

वार्ताहर बाई आल्या. त्यांनी विचारलं, उशी करताना आधी काय बघता? काका गडबडले. म्हणाले, "माणूस कुशीवर झोपतो की पाठीवर, ते विचारतो."

रविवारी काकांचा फोटो छापून आला. मथळा होता, 'झोप शिवून देणारा माणूस'.

सोमवारी दुकान उघडायच्या आत दारात माणसं. काका हरखले. पण पहिल्या बाईंनी उशीकडे पाहिलंही नाही. "हे गेल्यापासून डोळ्याला डोळा लागत नाही," म्हणत त्या समोर बसल्या. त्यांच्यामागे परीक्षेच्या धास्तीने जागणारी मुलगी, तिच्यामागे रात्रपाळीचा ड्रायव्हर. काकांनी सगळ्यांना एकच विचारलं, "कुशीवर की पाठीवर?" लोक त्यातही खोल अर्थ शोधू लागले.

काकांनी भाचीला फोन लावला. "अगं, मी डॉक्टर नाही. दुरुस्ती छापून आण बाई."

"दुरुस्ती छापली तर तीही बातमीच होईल, मामा. आणखी लोक येतील."

मग काकांनी पुठ्ठ्याची पाटी लावली, 'इथे फक्त उशा मिळतात'. लोकांनी तिचे फोटो काढले, किती साधा माणूस म्हणाले, आणि गर्दी वाढली. उशाही खपू लागल्या. शिलाईला एक बाई ठेवावी लागली. काकू खूश होत्या. काकांच्या डोक्याचा मात्र पार भुगा झाला होता.

एके दुपारी एक निवृत्त मास्तर आले. बराच वेळ झोप न येण्याबद्दल सांगत राहिले आणि सांगता सांगता खुर्चीतच घोरू लागले.

"उठवू का यांना?" काकांनी हळूच विचारलं.

"कशाला? झोप लागावी म्हणूनच आले ना?" काकू सुईत दोरा ओवत म्हणाल्या.

"पण यांनी अजून उशी घेतली नाही."

काकांनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि गिऱ्हाइकांना बाहेरच थांबवून, आवाज न करता, मास्तरांच्या समोर बसून राहिले.