गोणपाटाखालची पाकट
भिजवलेल्या भाताच्या बियाण्यावर मोड यायला ओलं गोणपाट टाकलं, की त्याच्या वासाने मला मुरबाडच्या मेहुण्याने टाकीत पाळलेली पाकट मासळी आठवते. गोड्या पाण्यातली, परातीसारखी चपटी, तेवढीच मोठी आणि गाभण. तिला मोठ्या टाकीत हलवायचं होतं. मी दोन्हीकडचं पाणी अठ्ठावीस अंशांवर जुळवलं. मेहुण्याने ओढ्यावरचं जाळं आणलं. "शेपटीचा काटा त्यात अडकला तर धडपडून गाभडेल," मी म्हणालो. मग टाकीत टब बुडवला, पण ती त्यात शिरेना. सासूबाई लेकावर खेकसल्या, "अरे, तुमी टक लावून बसलाव तर ती कशी येल? भातासारखी झाक तिला, नि मधी उघडून बघू नको!" त्यांनीच टाकीवर गोणपाट टाकलं. बऱ्याच वेळाने काढलं, तर ती टबात निवांत पसरली होती. पाण्यासकट उचलून नेली. पुढे पिल्लं झाली, सगळी जिवंत. आजही मोड आले का बघायला हात शिवशिवतो, पण मी गोणपाट उचलत नाही.