नाणेघाट ते पारगाव: एका बैलाचा फाटका कान परत लावण्यासाठी केलेला प्रवास

शुक्रवारी सकाळी साडेसहाला गाडीची डिकी बंद करत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, वळखलं का? पारगावचा बबन. लाडू गेला वो."

मी आधी "अरे रे" म्हणाले आणि मग ओळखलं. गेल्या वर्षी आंबेगाव तालुक्यातल्या एका यात्रेत बैलगाडा शर्यत बघायला गेले होते. तिथे बाभळीखाली एक पांढरा बैल एकटाच उभा होता, त्याचा मी फोटो काढला. लाडू हे त्या बैलाचं नाव. वासरू असताना त्याने बारशाच्या लाडवांचं अख्खं ताट फस्त केलं होतं, म्हणून. मालक बबनदादांनी नंबर दिला, मी "पाठवते हं फोटो" म्हणाले आणि वर्षभर पाठवला नाही. हौशी फोटोग्राफर लोक आयुष्यात सगळ्यात जास्त खोटं या एका वाक्यात बोलतात.

"रविवारी दशक्रिया हाये," बबनदादा म्हणाले. "फ्लेक्स करायचाय. फोटू लई हायेत, पन सगळ्यात मान्संच म्होरं उभी. लाडूचं नुसतं शेपूट दिसतंय. त्यो एकटा असा तुमच्याकडंच हाये."

बैलाची दशक्रिया म्हटल्यावर तुम्हाला हसू आलं असेल. मलाही आलं होतं, पण फोनवर पलीकडचा माणूस नाक ओढत होता. सुदैवाने तो फोटो एडिट करून माझ्या मोबाइलमध्येच होता. आमच्या फोटो क्लबात त्याला बक्षीस मिळालं होतं. तो लगेच पाठवला, रविवारी येते म्हणून सांगितलं आणि आम्ही निघालो.

"आम्ही" म्हणजे मी आणि माझा नवरा सुहास. आमच्या घरात दोन पक्ष आहेत. मी फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचं दरमहा भाडं भरते. सुहासने बारा वर्षांपूर्वी एकदाच पैसे मोजून एक सॉफ्टवेअर विकत घेतलं, आणि तेव्हापासून तो स्वतःला घरमालक आणि मला भाडेकरू समजतो. त्याचा लॅपटॉप प्रवासाला येत नाही. बॅटरी मेल्यापासून तो फ्रीजसारखा कायम प्लगला लावलेला असतो. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये सव्वा तास अडकलो, आणि तेवढा वेळ सुहासला "तू भाडं थांबवलंस की तुझे फोटो तुझे राहणार का?" हे सांगायला पुरला. मी म्हटलं, "तुझं सॉफ्टवेअर तुझ्याआधी रिटायर झालंय." मग राजगुरुनगरपर्यंत शांतता होती.

जाणाऱ्यांसाठी: चाकण सातच्या आत ओलांडा, आमच्यासारखं करू नका. नारायणगावात मिसळ खाल्ली, दोघांची चहासकट दोनशे दहा. जुन्नरहून घाटघरपर्यंतचा रस्ता आता बरा आहे, मध्येमध्ये खड्डे आहेत पण एका बाजूला धरणाचं पाणी आणि समोर जीवधन दिसायला लागला की ते जाणवत नाहीत. नाणेघाटला सगळे पावसाळ्यात जातात. मी मुद्दाम फेब्रुवारीत जाते. डोंगर उघडेबोडके असतात, गर्दी नसते, वाऱ्याने वर उडणारा उलटा धबधबाही नसतो, पण तो बघायला आलेल्यांच्या छत्र्याही अंगावर उडून येत नाहीत. घाटघरात एका घरी राहिलो. खोली हजार रुपये, जेवण माणशी दोनशे. नाचणीची भाकरी, पिठलं आणि अशी मिरची की सुहास भांडण विसरला. गावात नेटवर्क नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

शनिवारी सकाळी घाटाच्या तोंडाशी गेलो. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं आणि गंमत म्हणजे मोबाइलला रेंजही खालून कोकणातून येते. कड्याच्या टोकाला पोचले आणि माझा फोन टिंगटिंग करायला लागला. बबनदादांचे चार व्हॉइस मेसेज होते. पहिल्या तिन्हींत नुसतं खाकरणं. चौथा असा:

"ताई, ह्यो आमचा लाडू न्हाई. चुकून दुसरा कुनाचा बैल आला जनू. घरात समद्यांना दावला, कुनीबी वळखंना."

बैल तोच होता. मीच त्याला ओळखू येईल असा ठेवला नव्हता. त्याचा उजवा कान फाटका होता, तो मी नीट केला होता. शिंगाचं टोक तुटलेलं होतं, ते जोडलं होतं. मानेवरचा जू घासून पडलेला काळा घट्टा पुसला होता. नाकाखालची लाळ, डोळ्याखालचा ओघळ, सगळं साफ. आमच्या क्लबात याला "क्लीन करणं" म्हणतात आणि परीक्षकांनी माझं कौतुक करताना "किती तेजस्वी प्राणी" असे शब्द वापरले होते.

तरी घाबरण्यासारखं काही नव्हतं. कॅमेऱ्यातून निघालेली कच्ची मूळ फाईल, जी फोटोच्या सॉफ्टवेअरशिवाय उघडत नाही, ती लॅपटॉपवर होती. सॉफ्टवेअर उघडायचं, एक बटण दाबलं की सगळे बदल मागे जातात, कान पुन्हा फाटतो. मी कड्यावरच लॅपटॉप फोनच्या नेटला जोडून उघडला. सॉफ्टवेअरने नम्रपणे सांगितलं की तुमची वर्गणी काल संपली आहे. कार्डाची मुदत संपल्यामुळे पैसे वळते झाले नाहीत. फोटो बघता येतील, बदलता येणार नाहीत. बघायला समोर होता तो तेजस्वी प्राणी. नवीन कार्ड पुण्यात कपाटात होतं. फुकटची ट्रायल मी याआधी तीन वेगवेगळ्या ईमेलवरून वापरून संपवली होती.

मी सुहासकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

"बैलाची दशक्रिया आहे, सुहास."

त्याने खिशातून कार्ड काढलं. पंचवीस वर्षांच्या संसारात याहून मोठा त्याग मी पाहिलेला नाही. पण त्याच्या फोनची कंपनी वेगळी. माझी रेंज कड्याच्या टोकाला आणि त्याची मागे घाटातल्या जुन्या गुहेच्या पायऱ्यांपाशी. ओटीपी गुहेत येणार आणि भरायचा कड्यावर! सुहास पायऱ्यांवरून आकडे ओरडायचा, वारा ते जुन्नरच्या दिशेला उडवून न्यायचा. "सात की साठ?" मी ओरडायचे. एका माकडाने चकलीचा डबा पळवला, त्यात एक ओटीपी वाया गेला. तिसऱ्यांदा चुकल्यावर बँकेने सुरक्षेच्या कारणास्तव कार्ड चोवीस तासांसाठी बंद केलं. एक ट्रेकर मला म्हणाला, "काकू, निसर्गात आल्यावर तरी लॅपटॉप बंद ठेवा." मी त्याला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कड्यावरूनच बबनदादांना फोन लावला. म्हटलं, बैल तोच आहे, कसं ते सांगते, फ्लेक्स कुठे करताय? मंचरला, प्रकाशशेठच्या दुकानात. "पन शेठ साडेपाचला बंद करत्यात. जैन मानूस, दिवस मावळायच्या आत जेवत्यात. उद्या दुकान उघडत न्हाई."

शिनोलीमार्गे भीमाशंकरच्या रस्त्याला जायचा आमचा बेत तिथेच रद्द झाला. जुन्नरहून घोडेगावमार्गे मंचर गाठलं. रस्ता सुंदर आहे असं ऐकून आहे. मला आठवतो तो फक्त उसाचा एक ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या, त्यावर गाणी लावलेली, आणि पाऊण तास आम्ही त्याच्या मागे. मंचरला पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते. जेवण राहिलंच, दुकानाशेजारी दोन वडापाव खाल्ले, चाळीस रुपये.

प्रकाशशेठांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण शेठ मंचरकरांच्याही वरचढ मंचरी बोलतात. दुकानात बबनदादा पांढऱ्या टोपीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यावर. संगणकाच्या पडद्यावर फ्लेक्स तयार होता. दहा बाय आठ फूट. वर "भावपूर्ण श्रद्धांजली", खाली "कै. लाडू", त्याखाली शोकाकुल म्हणून बावीस पुरुषांचे फोटो, त्यातले नऊ गॉगल लावलेले. आणि मधोमध एक मोठा पांढरा चौकोन.

"मंडळी सगळी बसवून घेतलीत," शेठ म्हणाले. "मयताचीच जागा तेवढी मोकळी हाये."

मी सगळं कबूल केलं. कान मी शिवला, शिंग मी जोडलं, घट्टा मी पुसला. बबनदादा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कशापाई?"

मला खरंच लाज वाटली.

शेठांचा संगणक पंधरा वर्षांचा. त्याला हळदीकुंकू लावलेलं, आणि त्याला इंटरनेट माहीत नाही. सॉफ्टवेअरचा मूळ खोका लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ठेवलेला. "एकदाच पैसे दिले," शेठ म्हणाले. "परत कुनाच्या दारात गेलो न्हाई." सुहासचे डोळे भरून यायचे बाकी होते. तो माझ्याकडे असा बघत होता, जणू आता गुरूच भेटला. मी मूळ फाईल पेनड्राइव्हवरून दिली. संगणक बराच वेळ घुरघुरला आणि म्हणाला, ही फाईल ओळखता येत नाही.

"तुमचा कॅमेरा नवा हाये ताई," शेठ म्हणाले. "माझ्या मशिनीला पुढचं काय म्हाईत नाय."

म्हणजे माझ्या सॉफ्टवेअरला फाईल कळत होती पण ते कुलूपबंद, आणि शेठांचं कायम उघडं पण त्याला फाईल कळत नव्हती. सुहास आणि मी एकाच बाकावर बसलो. घड्याळात चार वाजून गेले होते.

मग बबनदादा उठले आणि शेठांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. "ताईंनी साफ केलेलाच फोटू लावा. मी सांगतो तसं करा."

"कान. उजवा. तारेत अडकून फाटला व्हता. हितं. न्हाई, अजून खाली. एवढा न्हाई वो शेठ, कुत्र्यानं न्हाई तोडला!"

शेठ माउस हलवत होते, मी जे दोन संध्याकाळी बसून पुसलं होतं ते बबनदादा आठवणीतून परत आणत होते. शिंगाचं टोक किती तुटलं होतं ते त्यांनी नखावर दाखवलं. मानेचा घट्टा तळहाताएवढा, कडेला केस विरळ. लाळेपाशी शेठ म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, श्रद्धांजली हाये." बबनदादा म्हणाले, "टाका. लाळ गळायचीच त्याची." सुहास इतका गुंतला की तोही बोट दाखवायला लागला.

पाच वाजून वीस मिनिटं झाली. शेठांनी घड्याळ बघितलं.

"एक ऱ्हायलं. वशिंडाच्या खाली बोटभर, काळा ठिपका. रुपयाएवढा."

मला तो ठिपका आठवत नव्हता. पण मी इतकं काय काय पुसलं होतं, की तोही पुसला असेल. शेठांनी ठिपका टाकला. बबनदादांनी टोपी काढली.

"हां," ते म्हणाले. "आला."

शेठांनी तो बैल पांढऱ्या चौकोनात बसवला, यंत्र सुरू केलं आणि जेवायला घरी गेले. साडेसहाला त्यांच्या माणसाने फ्लेक्सची गुंडाळी आमच्या हातात दिली आणि बबनदादा ती घेऊन पारगावला गेले.

रविवारी पारगावला पोचलो. कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास, आणि बबनदादांच्या वस्तीच्या तोंडाशी दहा बाय आठचा लाडू. नदीकाठी विधी झाला, प्रवचन झालं. महाराजांनी लाडूला शर्यतीत कधीही चाबूक लागला नाही हे तीन वेळा सांगितलं. येणारा प्रत्येक जण आधी फ्लेक्ससमोर थांबायचा. एक म्हातारे मान कधी इकडे, कधी तिकडे कलती करून त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी हात जोडले. पंगतीत बुंदीचे लाडू होते, आणि दुसरं कुठलं पक्वान्न शोभलंही नसतं. निघताना बबनदादांच्या बायकोने मला गूळ दिला आणि त्या म्हणाल्या, "तुमच्यामुळं घरी आला बघा." मला ते ऐकवेना, कारण वर्षभर तो माझ्यामुळेच हरवला होता.

सोमवारी पुण्यात कपाटातून नवीन कार्ड काढलं. भाडं भरलं. भाडं चांगलं की खरेदी, हे तुम्ही मला विचाराल तर एवढंच सांगते, जे काही घ्याल त्याने आठवड्याच्या आत ज्याचा फोटो त्याला पाठवा. मूळ फाईल उघडली, ते बटण दाबलं. कान बबनदादांनी दाखवला तिथेच फाटला होता, खरंच केसभरही फरक नव्हता. शिंग, घट्टा, लाळ, सगळं जिथल्या तिथे. ठिपका मात्र नव्हता. मोठं करून बघितलं, उजेड वाढवून बघितलं. वशिंडाखाली स्वच्छ पांढरं.

तो मूळ फोटो बबनदादांना पाठवला, म्हटलं हा खरा. पाच मिनिटांत फोन आला.

"लई बेस हाये ताई. पन ठिपका ऱ्हायला."

"दादा, फोटोत ठिपका नाहीच. मी पुसलेला नाही."

"नसंलच. त्यो डाव्या अंगाला व्हता. तुमी उजवीकडनं काढलाय."

"मग शनिवारी का टाकायला लावलात?"

"मी रोज सकाळी त्याच्या डावीकडं बसायचो ना, खाजवाया. ठिपक्याबिगर मला त्यो दिसतच न्हाई."

फोन ठेवला आणि मी ब्रश घेतला. या महिन्याच्या भाड्यात मी आत्तापर्यंत एवढं एकच काम केलंय. सुहास मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता भाड्यावरून काहीतरी बोलणार.

"अजून थोडा खाली," तो म्हणाला. "बोटभर सांगितलं होतं त्यांनी."