फरश्या तशाच राहिल्या

“फिल्लम राहू दे गं, त्या फरश्या फोडून दाखव!”

दादा माईकवरच बोलले. अख्खं गाव हसलं. मी कराटेच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये स्टेजवर, रचून ठेवलेल्या फरश्यांपुढे उभी, आणि माझ्या अंगावरची सत्काराची शाल त्यांचा कार्यकर्ता ओढून घेत होता. पुढच्या सत्काराला तीच लागणार होती. माझा फोटो निघाला होता.

दादा म्हणजे आमच्या गेवराईकडच्या गावातले पुढारी. जमीन त्यांची, ऊसतोडीचा मुकादम त्यांचा, स्टेजही त्यांचंच. मी बीडला कॉलेजात शिकते. कराटेत पदक मिळालं, मोबाईलवर केलेल्या फिल्मला बक्षीस मिळालं, म्हणून सत्कार. फ्लेक्सवर दादांचा चेहरा टोपल्याएवढा, माझा कोपऱ्यात लिंबाएवढा. तेही चाललं असतं. मी एकाच बोलीवर आले होते, फिल्म दाखवायची. ती आईची फिल्म होती. तिनं ती पाहिली नव्हती. पहिल्यांदा बघेल ती मोठ्या पडद्यावर, गावादेखत, हा माझा हट्ट.

सत्काराला आईबापाला वर बोलावतात. माझ्या शेजारच्या खुर्चीत दादांची सून बसली होती. आई मागे, खाली, बायकांत.

मी विचारलं, “फिल्म कावून न्हाई?”

“आगं, लोकांना करमणूक पायजे. तुज्या फिल्लमात काय हाय? ऊसच ना?”

“ऊस न्हाई. माझी आई हाय.”

“मंग तिला तर रोजच बघतो आमी.”

पुन्हा हशा. पोरं ओरडायला लागली, “फोड! फोड!” माझी मूठ वळलेली. खोटं कशाला बोलू, टाळ्या मला आवडतात. फोडल्याही असत्या. पण नजर आईकडे गेली. सगळे हसत होते म्हणून तीही हसत होती. तोंडाला पदर लावून, स्वतःवरच.

माझं डोकं फिरलं. दादांचा राग नंतर आला, आधी त्या हसण्याचा आला. किती वर्षं ती असंच हसत आली असेल?

“फरश्या फोडणार न्हाई,” मी माईकवर सांगितलं आणि खाली उतरले.

बायकांत जाऊन बसले. मोबाईल आईच्या हातात दिला. फिल्ममध्ये ती डोक्यावर उसाची मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते, एवढंच आहे. चढते, रिकामी उतरते, पुन्हा चढते. वरून माईक खेकसत होता, “ए पोरी, वर ये!” बायकांची डोकी मोबाईलवर वाकलेली. कुणी वर पाहिलं नाही.

आईनं मोबाईल स्वतःकडे ओढला. मग शेजारणीला म्हणाली, “सरक जरा. मला बघू दे.”

तिला असं हक्कानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाचा निरोप आला. यंदा ऊसतोडीच्या टोळीत तुम्हाला घेणार नाही. आई घाबरली. मीही घाबरले, अजून झोप धड लागत नाही. पण मी दुसरी फिल्म करणार आहे. उसाच्या फडात जाऊन, त्याच फळीखाली उभं राहून. तीत फळीवर चढणारे पाय असतील, आणि ते पाय कुणाच्या फायद्यासाठी चढतात तेही असेल, नावानिशी.

पुन्हा सत्कार करायचा असेल तर आधी आईची खुर्ची मांडा. ती बसल्याशिवाय मी स्टेजवर पाय ठेवणार नाही. फरश्या तुमच्या तुम्ही फोडा.