टेबलाखालचं बटण

सासूबाईंच्या भजनी मंडळाची सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. सगळी भजनं उतरली, लांबीही बरोबर दिसत होती, पण आवाज नाही. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते आणि खोली गप्प.

"सीडी गेली का गं?" शेजारी बसलेल्या सासऱ्यांनी पुन्हा विचारलं. सासूबाई गेल्या, त्यांचा आवाज तेवढा या एका सीडीवर उरला आहे.

"बघतेय, अप्पा."

सीडी पुसली, परत उतरवली. तेच. ऑफिसातून दमून आल्यावर असली कामं नको होतात. शेवटी वायर बघायला टेबलाखाली वाकले, तर स्पीकरचं बटण पार शून्यावर.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा कोणीतरी ते फिरवलं असणार. तेव्हा आम्ही कुकरची शिट्टी होण्याआधी गॅस बारीक करायचो, भांडायचोसुद्धा कुजबुजत. पुढे भाड्याचा पलंग परत गेला, उरलेली औषधं टाकून दिली. कॉम्प्युटर फक्त बिलं भरायला लागतो, त्यामुळे बटणाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. आणि आम्ही अजूनही हळूच बोलतो, हेही मला तिथे वाकल्यावरच जाणवलं.

बटण फिरवलं. टाळ एकदम खणखणले आणि त्यांच्यावर सासूबाईंचा चढा सूर.

"अगं हळू, तिला जाग येईल!" अप्पा म्हणाले, आणि थांबले.

मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि ते बटण त्यांनी आणखी थोडं पुढे फिरवलं.