घड्याळाचा रबरी पट्टा

माझं घड्याळ तीनशे मीटर खोल पाण्यात चालतं. मी स्वतः गुडघाभर पाण्यापुढे कधी गेलो नव्हतो. आमच्या बीडकडच्या विहिरीत पोहण्याइतकं पाणीच नसायचं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खरं आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की पाणी बघितलं की मी दोन पावलं मागे सरकतो.

तरीही पाणबुड्यांसाठी बनवलेलं महागडं घड्याळ मी बढतीच्या आनंदात घेतलं. त्याची खरी किंमत आईला अजून सांगितलेली नाही. दुकानात बायकोने विचारलं होतं, "हे घालून बुडी कोण मारणार?" ती कोल्हापूरकडची, लहानपणापासून नदीत पोहलेली. मी तोऱ्यात म्हणालो, आता शिकणारच आहे पोहायला. तिचा चेहरा असा काही उजळला की पुढे तिने किमतीबद्दल एक शब्द काढला नाही.

त्यानंतर तीन पावसाळे गेले. ती तलावात उतरायची आणि मी काठावर तिच्या चपला सांभाळत बसायचो. सुरुवातीला ती पाण्यातून "ये ना" म्हणून हाक मारायची. मग तिने हाक मारणं सोडून दिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, भांडून मोकळे झालो असतो.

आम्ही चांदे गावात दोन खोल्यांत भाड्याने राहतो. खाली घरमालकीण काकू, मागे त्यांची भातखाचरं, आणि टेकाडापलीकडे हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा. परवाच्या ऑक्टोबरमध्ये असं ऊन तापलं की दुचाकीवरून ऑफिसला पोचेपर्यंत स्टीलच्या पट्ट्याखाली घाम साचायचा आणि मनगटावर लालभडक पुरळ उठायचं. म्हणून मी एक रबरी पट्टा मागवला. घड्याळाच्या कंपनीचा नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला, पण घड्याळाच्या कडेला बरोबर बसेल अशा वळणाचा.

रविवारी सकाळी ओट्यावर उजेड चांगला होता, म्हणून तिथेच पंचा अंथरून बसलो. शेजारी काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. घड्याळावर ओरखडा उठू नये म्हणून मी कडेने चिकटपट्टी लावली, दोनदा हात पुसले, श्वास रोखला. काम म्हटलं तर सोपं. पट्टा आणि घड्याळ यांच्यामध्ये एक बारीक पिन असते, तिच्या पोटात स्प्रिंग. टोक दाबलं की पिन सुटते. पहिली सुटली. दुसरीही सुटली, आणि टिंग करून कुठेतरी उडाली.

मी पंचा झटकला, चपला उलट्या केल्या, ओट्यावर रांगलो. नव्या पट्ट्याबरोबर जादा पिन आली नव्हती, आणि अशी पिन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत नाही. काकू शांतपणे माझी कवायत बघत होत्या. मग त्यांनी सुपातून दोन बोटांनी काहीतरी उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. तांदळातला खडा त्यांच्या नजरेतून सुटत नाही, तिथे लोखंड काय सुटणार!

"एवढ्याशा काडीवर एवढं घड्याळ लटकतंय व्हय?" त्या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. पुढचं काम मी त्यांच्याच देखरेखीखाली केलं. पिन पट्ट्याच्या भोकात सरकवायची, एक टोक घड्याळाच्या खाचेत धरायचं, दुसरं दाबून आत ढकलायचं. रबर नवं असल्याने इतकं ताठ की चार वेळा निसटलं. पाचव्यांदा काकूंनी घड्याळ दोन्ही हातांनी गच्च धरलं आणि मी पिन रेटली. टक असा बारीक आवाज झाला आणि पट्टा बसला. मी पट्टा ओढून बघितला, मग काकूंनी ओढून बघितला, माझ्यापेक्षा जोरात.

हे पाण्यात चालतं का, असं त्यांनी विचारलं. मी ऐटीत तीनशे मीटरचा आकडा सांगितला. त्या म्हणाल्या, "मग आंघुळीला जाताना माझ्याकडं कशापायी ठिवून जाता?"

मी उगाच घड्याळ मनगटावर चढवून बक्कल लावत बसलो. तेवढ्यात बायको चहा घेऊन खाली आली. तिची नजर माझ्या मनगटावर गेली आणि तिथेच थांबली.

"रबरी पट्टा? पाण्यासाठी?"

तेव्हाच पुरळाचं सांगून टाकायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर दुकानातला तो उजेड पुन्हा आला होता. मी नुसता हसलो. ती चहा तिथेच ठेवून वर पळाली. कपाट उघडल्याचा आवाज आला, पोहायचे कपडे निघाले. काकूंनी तर परस्पर बेतच ठरवून टाकला. खाचराकडेची हीर काठोकाठ भरली हाय, दुपारी या, पाठीला डबा बांधू, दोर मी धरते.

दुपारी नाक मुठीत धरून निघालो. भात पिवळं पडायला लागलं होतं आणि बांधावरून बायको माझ्या पुढे जवळजवळ उड्या मारत चालली होती. तेलाचा रिकामा डबा माझ्या पाठीवर ठक ठक वाजत होता. मला स्वतःची लाज वाटत होती. विहिरीच्या पायऱ्यांवर पोचलो, पाणी हिरवंगार, तळ दिसेना. तिथे मला राहवलं नाही. मी तिला सांगून टाकलं, की पट्टा पाण्यासाठी घेतलेला नाही, पुरळासाठी घेतला.

ती तोवर कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती. वळून म्हणाली, "माहितीये मला. रोज रात्री मनगटाला पावडर कोण लावत होतं?"

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी. पट्ट्याच्या निमित्ताने आलास तर आलास." मग एक पायरी वर येऊन ती म्हणाली, "नको वाटत असेल तर घरी जाऊ. मी काही म्हणणार नाही."

ती काही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं. त्याचीच मला पाण्यापेक्षा जास्त भीती वाटली. मी पायरी सोडली.

नाकात पाणी गेलं, कानात गेलं, जग हिरवं झालं. मग डब्याने मला वर खेचलं आणि मी बायकोच्या गळ्यात पडलो. वरून दोर धरलेल्या काकू ओरडल्या, "आवो, हात मारा की दादा, तिला बुडवताय का काय!" मी हात मारले. कसे मारले ते विचारू नका. ती माझ्या पोटाखाली तळहात धरून सोबत सरकत होती, आणि आम्ही समोरच्या कपारीपर्यंत पोचलो. मी दगड धरून धापा टाकत होतो. ती हसत होती, अगदी मोकळी, मोठ्याने, असं हसताना मी तिला कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. एवढंच हवं होतं तिला, आणि मी तीन वर्षं तिला काठावरून बघत राहिलो. मला रडू आलं. चेहरा ओलाच होता, तिला कळणार नाही असं वाटलं. पण तिने हसता हसता हात वर केला आणि माझे डोळे पुसले.