काकूंच्या पाटीवरचे खाडे

खानावळीचे किस्से आमटीसारखे असतात. ऐकणारी माणसं वाढली की थोडं पाणी वाढवावं लागतं. आम्ही जुने मेंबर जमलो की सावंत एखादा किस्सा असा काही वाढवतो, की तिथे हजर असलेल्या मलाही तो नवीन वाटतो! पण सत्तावन्न सालच्या फ्लूचे किस्से निराळे. त्यांत पाणी घालायची गरज पडत नाही. त्या साथीत आमच्यातला कुणी गेला नाही, सगळे उठून पुन्हा जेवायला बसले, म्हणून ते आज हसत सांगता येतात. तेव्हा मात्र कुणाला हसू येत नव्हतं.

आमची खानावळ डोंबिवलीला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. चालवायच्या आठल्येकाकू. यजमान अकाली गेले तेव्हा काकू माहेरी परत गेल्या नाहीत. राहत्या जागेतच पाट मांडून त्यांनी खानावळ काढली. वीसेक मेंबर, सगळे नोकरीसाठी गाव सोडून आलेले, एकेका खोलीत तिघं-चौघं राहणारे. काकूंचा नियम एकच. दाराशी एक काळी पाटी टांगलेली असायची. ज्याला जेवायला यायचं नसेल त्याने सकाळीच तिच्यावर स्वतःच्या हाताने नाव लिहायचं. हा त्याचा खाडा. परत यायचं झालं की ज्याचं नाव त्यानेच पुसायचं. दुसऱ्याचं नाव पुसायची परवानगी कुणालाच नव्हती, खुद्द काकूंनाही नाही. काकू पाटी बघायच्या आणि त्या हिशेबाने तांदूळ धुवायच्या.

फ्लू आला आणि आठवड्याभरात पाटी भरली.

* * *

जे उभे होते त्यांचा ताबा पाटणकरांनी घेतला. पाटणकर विमा कंपनीत होते आणि वर्तमानपत्रातलं आरोग्याचं सदर कात्रीने कापून ठेवायचे. त्यांनी जाहीर केलं की पंगत ही साथीची जननी आहे. तेव्हापासून प्रत्येकाने आपापलं ताट-वाटी-भांडं घरून आणायचं आणि दोन माणसांत चार हातांचं अंतर ठेवून बसायचं.

काकूंच्या घरात चार हात सुटे मिळणार कुठून? मग एक मेंबर माजघरात, एक ओटीवर, एक पडवीत, एक अंगणात तुळशीपाशी अशी पंगत बसू लागली. काकू भाताचं पातेलं घेऊन निघाल्या की परत येईपर्यंत पहिल्याचा भात संपलेला असायचा. शिवाय पाटणकरांच्या सांगण्यावरून सगळं उंचावरून वाढायचं होतं. माझ्या वाट्याची आमटी एकदा माझ्या गुडघ्यावरच पडली.

चौथ्या दिवशी काकूंच्या लक्षात आलं की जेवणारे सहा आणि ताटं सात. सातवं ताट शेजारच्या आप्पांचं! आप्पा आपल्या स्वतःच्या ओट्यावर दुपारचे जेवायला बसायचे, तो ओटा नेमका आमच्या पंगतीच्या रांगेत आला होता आणि काकू वाढण्याच्या ओघात त्यांनाही भात-आमटी वाढून पुढे जात होत्या. आप्पांची सून घरातून त्यांना वेगळं वाढत होती ते वेगळंच. काकूंनी विचारलं तेव्हा आप्पा शांतपणे म्हणाले, “तुम्ही इतक्या आग्रहाने वाढत होतात, नाही कसं म्हणायचं?”

* * *

त्याच सुमारास कुणीतरी सांगितलं की खिशात कांदा ठेवला की फ्लू जवळ येत नाही. कुणी सांगितलं ते कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी निम्मी डोंबिवली कांद्यासकट हिंडत होती. ऑफिसात कोटाच्या खिशात फाऊंटन पेनच्या शेजारी कांदा! आमच्या साहेबांच्या खिशात होता म्हटल्यावर आम्ही कारकून मागे कसे राहणार?

बाजाराची सगळी तऱ्हाच बदलली. एरवी वांगी-भेंडी निवडून घेणारे लोक आता आलं, लिंबू आणि गवती चहा मागायला लागले. केळ्याला कुणी हात लावेना, दही तर शत्रूच झालं. भाजीवाली जनाबाई जवळच्या आयरे गावाहून डोक्यावर पाटी घेऊन यायची. पहिले दोन दिवस ती गोंधळली, तिसऱ्या दिवशी तिने धंद्याची नवी रीत बसवली. कांद्यांचे दोन ढीग करून ती बसली होती, एक मोठ्यांचा आणि एक लिंबाएवढ्यांचा. मी कांदे मागितले तर तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, “दादा, खावाला का खिशान ठेवाला?”

* * *

आता कुलकर्णी. कुलकर्णी सोलापूरकडचा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला. त्याला ताप आला तेव्हा तो दवाखान्यात गेला. गर्दी इतकी की डॉक्टरांनी फक्त नाडी बघितली आणि बाकीचं कंपाउंडरने सांगितलं. दोन दिवस नुसती पेज घ्यायची, बाकी काही नाही.

कोकणातल्या माणसाला पेज म्हणजे काय ते जन्मतः कळतं. तांदळाची पातळ पेज, वर मीठ. कुलकर्ण्याने हा शब्द फक्त ऑफिसात, कागदाच्या पानाला म्हणताना ऐकलेला. त्याने विचार केला, आजारपणाच्या रजेचा अर्ज असणार. तो तसाच तापात खोलीवर गेला आणि लिहीत बसला. संध्याकाळी काकूंनी त्याच्यासाठी आल्याचा काढा माझ्याबरोबर पाठवला आणि पेज घेतली का ते विचारायला सांगितलं. मी विचारलं. कुलकर्णी उशाखालचे कागद काढून म्हणाला, “कंपाउंडरने दोन सांगितली होती, मी चार घेतली. फुलस्केप आहेत.”

दुसऱ्या दिवसापासून काकू स्वतः त्याच्या खोलीवर पेज घेऊन जायला लागल्या. त्यांनी तो बरा होईपर्यंत एक दिवस चुकवला नाही. कुलकर्णी आजही पेज म्हटलं की आधी काकूंचं नाव काढतो.

* * *

एक किस्सा सावंतचा, आणि तो सांगताना सावंत नेमका पाणी प्यायला उठतो.

पाटणकरांनी काकूंना औषधाची जांभळी पूड आणून दिली होती. कॉलऱ्याच्या वेळी विहिरीत टाकतात तीच. चिमूटभर पूड पाण्यात टाकून त्यात सगळी भाजी बुडवून ठेवायची. फ्लूला त्याचा काय उपयोग, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. काकू रोज एका पातेल्यात ते पाणी करून ठेवायच्या. पाणी छान गुलाबी व्हायचं.

सावंत वेंगुर्ल्याचा. ताक बंद झाल्यापासून तो उदास होता. त्या दिवशी भात संपत आला आणि त्याला चुलीशेजारी सोलकढीसारख्या गुलाबी पाण्याचं पातेलं दिसलं. काकू अंगणातल्या पानावर वाढायला गेल्या होत्या. सावंतने डावाने दोन वाट्या भरून घेतल्या, मीठ घातलं, भातावर ओतलं आणि एक घास तोंडात घातला. आम्ही सगळे बघत होतो. त्याने तोंड वाकडं करत घास थुंकला, पण काकू आत आल्यावर त्यांना वाईट वाटू नये म्हणून म्हणाला, “काकू, आज आमसुलं जरा जुनी होती का?”

पाटणकरांनी त्याला लगेच तांब्याभर पाणी पाजलं. त्याला काही झालं नाही. उलट अख्ख्या साथीत ज्याला साधी शिंकही आली नाही असा आमच्यातला एकटा सावंतच! पाटणकर हे अजून पुराव्यादाखल सांगतात.

* * *

हे सगळं हसण्यावारी गेलं, पण काकूंचं मात्र अवघड होत चाललं होतं. साथ ओसरली, लोक कामावर जायला लागले, तरी पंगतीला कुणी फिरकेना. खोलीवर पाव-दूध खायचं, चुरमुरे-फुटाणे खायचे, कुणी तर स्टोव्ह घेऊन खिचडी शिजवायला लागले. बाहेरचं आणि चारचौघांत नको, हे मनात बसलं ते बसलंच. जेवायला येणारे शेवटी तीन उरलो. सावंत, पाटणकर आणि मी. पाटणकर तर अंगणात, तुळशीपाशी.

एका शुक्रवारी काकूंनी आम्हाला सांगितलं की संगमेश्वराहून त्यांचे भाऊ रविवारी न्यायला येणार आहेत. तीन माणसांसाठी खानावळ चालत नाही. रविवारी दुपारचं जेवण वाढून त्या कुलूप लावणार. हे सांगताना त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, तवा घासत होत्या. त्या बाईने आमच्या आजारपणात दारोदार पेज पोचवली होती, आणि आम्ही स्टोव्ह घेऊन बसलो होतो!

शनिवारी सावंत आणि मी खोल्याखोल्यांतून फिरलो. कुलकर्ण्याला तर दुसरं वाक्यही ऐकवावं लागलं नाही. एकूण एक मेंबर येतो म्हणाला. काकूंना न सांगता, एकदम.

रविवारी बाराला सगळे हजर. पाट कमी पडले म्हणून खांद्याला खांदा लावून बसले. चार हातांचं अंतर कुठे गेलं कुणास ठाऊक. माजघराच्या कोपऱ्यात काकूंची वळकटी बांधून ठेवली होती, शेजारी भांड्यांचं पोतं, आणि पोत्यावर त्यांचे भाऊ बसले होते.

काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि उभ्याच राहिल्या. त्यांच्या हातातल्या पातेलीत जेमतेम पाच माणसांचा भात होता. त्यांनी पंगतीवरून नजर फिरवली आणि मग दाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अहो, पण पाटीवर तुमचे खाडे आहेत.”

आम्ही माना वळवल्या. पाटीवर साथीतल्या त्या वाईट आठवड्यातली नावं जशीच्या तशी होती. पाटणकरांनीच तेव्हा बजावलं होतं, की अनेकांचा हात लागलेला खडू आणि ते पुसायचं फडकं, यांना कुणी शिवायचं नाही. कुणी शिवलं नव्हतं. आम्ही अख्खी डोंबिवली फिरलो आणि पाटी पुसायची राहिली!

मग अंगणातून पाटणकर उठले. आत आले, खिळ्यावरचं धुळकट फडकं हातात घेतलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी पाटी पुसून काढली. सगळ्यांची नावं, काकूंच्या देखत. मग हात धुवून ते कुलकर्णी आणि सावंत यांच्या मधे येऊन बसले.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मग भावाला उठवून पोत्याची गाठ सोडायला लावली, कारण मोठं पातेलं तळाशी बांधलेलं होतं. भात पुन्हा चुलीवर चढला. भाऊ बिचारे नारळ खवायला बसले. दोन वाजता पहिला भात आला, आणि त्याच्याबरोबर कितीतरी दिवसांनी ताकही आलं.

आमची जेवणं संपत आली तसे भाऊ पुढे आले. मग त्यांनी काकूंना हळूच आठवण करून दिली, की उद्या पहाटेची एसटी आहे आणि घरी वहिनी वाट बघतेय, तिने उद्या रात्रीचा काकूंचा भात धरलेला असेल.

काकू पाटणकरांना ताक वाढत होत्या. मागे न बघता म्हणाल्या, “दादा, वहिनीला सांग, माझा खाडा धर म्हणावं.”