उमरेडला जाताना लागलेला दिवा

पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा आईचा डावा पाय सरळ पसरलेला होता आणि त्याखाली दोन उशा होत्या. तिच्या गुडघ्यात सळई आहे, तो वाकत नाही. म्हणून आमच्या जुन्या व्हॅनची मधली एक सीट काढून टाकली आहे. दुसऱ्या गाडीत तिचा पाय मावत नाही, आणि रेल्वेच्या उंच पायऱ्या तिला चढवत नाहीत. "ही चालते तोवर मी फिरते," असं आई म्हणते. व्हॅन अठरा वर्षांची आहे.

जायचं होतं उमरेडला, मावशीकडे. आजी लवकर गेली, तेव्हा आईची वेणीफणी, शाळा, लग्न सगळं या मोठ्या बहिणीनेच केलं. मावशीचं घर विणकरांचं. हातमाग आता बंद आहे, पण कित्येक वर्षं तिने सुताच्या कांड्या भरल्या, तुटलेले धागे सांधले. दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन मी घेतला होता. "सांग तुह्या आईले, माहे डोये (डोळे) जाऊन राहिले." मी आईला सांगितलं, की मावशीचे डोळे गेले. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे आता ती मला बघणार नाही." त्यानंतर दोघी फोनवर पाऊसपाणी बोलायच्या, डोळ्यांचा विषय काढायच्या नाहीत. आई विचारायची नाही आणि मावशी सांगायची नाही. माझं ऑफिसचं काम मार्चअखेरपर्यंत होतं, म्हणून प्रवास मी पुढे ढकलला. गेलेले डोळे दोन महिन्यांनीही तेवढेच गेलेले असणार, असा माझा हिशेब.

रात्री अमरावतीला मुक्काम केला आणि सकाळी नागपुरात शिरलो. रस्त्याकडेच्या ठेल्यावर तर्री पोहे घेतले. तर्री म्हणजे चण्याचा लालभडक रस्सा, पोह्यांवर ओतलेला. ठेलेवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का?" मी घाईने नको म्हटलं. पोह्यांवर रस्सा आणि त्यावर पुन्हा सांबार! आई गाडीतूनच म्हणाली, "अगं, सांबार म्हणजे कोथिंबीर." ठेलेवाला हसला आणि माझ्या पोह्यांवर मूठभर कोथिंबीर जास्तच टाकली. मी खाली मान घालून खाल्ले. नाकातून पाणी आलं, पण प्लेट रिकामी केली.

आईला प्रताप नगरातली गल्ली बघायची होती, जिथे कॉलेजच्या दिवसांत ती खोली घेऊन राहिली होती. गल्ली सापडली. खोलीच्या जागी तीन मजली इमारत होती आणि खाली केक मिळत होते. "बरं झालं, आमच्यावेळी उंदीर होते," एवढंच आई म्हणाली. तिथून निघालो आणि पुढच्या सिग्नलला थांबलो तेव्हा स्टिअरिंगसमोरच्या काट्यांमध्ये लाल दिवा लागला. चोचीतून थेंब गळणाऱ्या तेलाच्या डब्याचं ते चित्र. सिग्नल सुटल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर तो विझला, पुढच्या चौकात थांबलो तर पुन्हा लागला.

गाडीचं पुस्तक मी वाचलेलं आहे. हा दिवा लागला की गाडी लगेच थांबवायची आणि इंजिन बंद करायचं. मी कडेला घेतली, दहा मिनिटं थांबून तेलाची पट्टी पुसून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये, अगदी ठीक होतं.

"तेल आहे ना? मग चल की," आई म्हणाली.

"टाकीत पाणी असलं तरी नळाला येत नाही ना कधी कधी, तसं आहे. तेल आहे, पण दाब नसेल तर ते इंजिनात वर चढत नाही. तसंच चालवलं तर आतले भाग एकमेकांवर घासून संपतील."

समोरच्या पानठेल्यावरच्या दोघांनी न विचारताच गाडीला हात लावला. "शेषरावभाऊकडे न्या, तिकडं निंबाच्या झाडाखाली." आई उतरायला लागली तसा त्यांतला एक म्हणाला, "बसा ना माय, तुमच्यानं असं किती वजन वाढते?" आई बसून राहिली आणि आम्ही ढकलत गेलो.

शेषरावभाऊ साठीच्या आसपासचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले.

"दिवा कवा लागते, ताई? उभ्या गाडीत का चालत्या?"

"उभी असताना. इंजिन गरम झाल्यावर. रेस केली की विझतो."

"पाहून राहिल्या तुम्ही गाडीकडं. नाही तं लोकं त्या दिव्यावर टिकली चिकटवते अन् म्हणते, भाऊ, दिवा बंद झाला." पानठेल्यावरचे दोघे अजून उभेच होते, ते हसले. "तेल कवा बदललं?"

मी खरं सांगितलं. तेही मार्चनंतर करायचं ठरवलं होतं.

त्यांनी इंजिनाच्या कुशीतून बोटभर लांबीचं एक बटण काढलं. दाब कमी झाला की हेच दिवा लावतं. "आधी हा झूठ बोलते का ते पाहू. कितीक वेळा हाच खराब राहते अन् गरिबाचं इंजिन खोलतेत लोकं." त्या भोकात त्यांनी दाब मोजायचा नळीवाला काटा बसवला आणि इंजिन सुरू केलं. थंड असताना काटा वर होता. मी मनात म्हटलं, बटणच खराब असू दे. हळूहळू इंजिन तापलं आणि काटा खाली यायला लागला, चढावर दमलेल्या माणसासारखा. बटण खरं बोलत होतं.

मग त्यांनी लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. डोळे मिटून खूप वेळ ऐकलं. शेवटी म्हणाले, "ताई, इंजिन बसून राहिलं."

मी मान हलवली. अनोळखी माणसाला दुसऱ्यांदा विचारणं मला जमत नाही. मी गल्लीच्या टोकाला जाऊन मावशीला फोन केला. "मावशी, इंजिन गेलं. आज येणं व्हायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाली. "पाटोडीचा रस्सा केला होता. असू दे. सावकाश या वं बाई."

आई कडुनिंबाखाली खुर्चीत बसली होती, पाय एका टायरवर ठेवून. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं, की इंजिन संपलं आणि मावशीला तसं कळवलंही. तिचा चेहरा मावळला. या गाडीशिवाय ती कुठेच जाणार नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

"नक्की काय म्हणाला तो?"

"बसून राहिलं म्हणाला."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागली, पदर डोळ्यांना लावून. "अगं, ते इकडचं बोलणं! बसून राहिलं म्हणजे बसतंय. अजून बसलेलं नाही. जेवून राहिलो म्हणजे जेवतोय, तसं." आणि मग तिने हाक मारली, मी आजवर कधीही न ऐकलेल्या आवाजात. पुण्यात लोक हसायचे म्हणून तिने ही बोली लग्नानंतर बाजूला ठेवली होती. "काहून गा भाऊ, पुरं बसलं का बसून राहिलं?"

"बसून राहिलं वं माय! बसलं असतं तं ठोका आला असता. नुसती टिकटिक हाय. खालची जाळी चोंदली असंन, काढून राहिलो."

आई हसत होती, पण मला दोन महिन्यांपूर्वीचा फोन आठवला.

"आई, मावशीसुद्धा तसंच म्हणाली होती. डोळे जाऊन राहिले."

आईचं हसू थांबलं. "गेले नाही म्हणाली? जाऊन राहिले म्हणाली?"

"जाऊन राहिले."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि शेषरावभाऊंना विचारलं, "भाऊ, किती वेळ लागंन? माही बहीण उमरेडले हाय. तिचे डोये जाऊन राहिले. उजेडात पोचलो तं बरं."

शेषरावभाऊंनी शेजारच्या दोन दुचाक्या बाजूला केल्या आणि गाडीखाली शिरले. इंजिनाच्या तळाचं तेलपात्र उतरवलं. त्यातली तेल ओढून घेणारी जाळी काळ्या, चिकट गाळाने भरली होती, चहाच्या गाळणीत चोथा साठावा तशी. त्यांनी ती रॉकेलमध्ये घासली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासली. नवं तेल आणि फिल्टर घातला. मग इंजिन तापेपर्यंत आम्ही तिघं काट्याकडे बघत उभे राहिलो. आईसुद्धा, काठीवर रेलून. काटा थोडा उतरला आणि थांबला.

"जा आता. इंजिन जुनं हाय, जवान नाही झालं. पण दिवा लागला तं एक पाऊल पुढं टाकू नका."

उमरेडपर्यंत दिवा लागला नाही. मावशीच्या दारात पोचलो तेव्हा ओट्यावर तिरपं ऊन होतं आणि मावशी भिंतीला टेकून बसली होती. आई काठी टेकत तिच्यासमोर गेली. मावशीने तोंड फिरवलं आणि बाजूच्या भिंतीकडे बघू लागली. मला वाटलं, माझ्या फोनमुळे रागावली. आई जागच्या जागी थांबली.

भिंतीकडे बघतच मावशी म्हणाली, "केस पांढरे झाले वं तुहे."

आईने हात केसांकडे नेला.

"समोरून नाही दिसत आता," मावशी म्हणाली. "मधातलं लुगडं गेलं, काठ हाय अजून. इकडून ये, काठाकडून."

आई तिच्या कुशीला जाऊन बसली, पाय लांब करून. मावशीने तोंड आणखी वळवलं, आणि तेव्हा मला कळलं की ती डोळ्याच्या कडेने आईकडेच बघत आहे. मग तिने हाताने आईची वेणी चाचपून पाहिली. "कोण घालते अशी ढिली?"

त्या आठवड्यात मी मावशीला सांगून टाकलं, की दोन महिने माझ्यामुळे वाया गेले, मला तिचं बोलणं समजलं नव्हतं. ती कणीक मळत होती. "तवा तुह्या मायचं नाक बी दिसलं असतं," ती म्हणाली. "नाक काही फार पाहण्यासारखं नाही तिचं." मग पिठाच्या हातानेच माझ्या गालाला हात लावला.

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते, की आपल्याच भाषेत एखाद्याला चुकीचं ऐकणं किती सोपं आहे, कारण परक्या भाषेत आपण निदान पुन्हा विचारतो. अमरावती मागे पडल्यावर आरशात पाहिलं. आई मान बाजूला वळवून बसली होती. समोरचा रस्ता सोडून खिडकीच्या चौकटीकडे बघत, डोळ्याच्या कडेने माझ्याकडे पाहण्याचा प्रयत्न करत होती. मावशीला कितपत दिसतं, ते पाहत होती. मी गाडी थोडी हळू केली.